चेहऱ्याची बधिरता

चेहऱ्याची त्वचा, ओठ, हिरड्या किंवा जीभ यांची स्पर्श, वेदना व तापमान जाणण्याची क्षमता कमी होणे वा नाहीशी होणे. हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकारांत आढळणारे लक्षण आहे. पुष्कळदा बधिरतेपूर्वी मुंग्या येतात.

चेहऱ्याची संवेदना मुख्यतः पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या (मज्जेच्या) तीन शाखांमार्फत मेंदूकडे जाते. पहिली कपाळ व डोळा, दुसरी गाल, वरचा ओठ व वरचे दात, तर तिसरी हनुवटी, खालचा ओठ व खालचे दात यांना पुरवठा करते. जबड्याच्या कोनावरील त्वचेची तंत्रिका मात्र मानेतून येते. त्यामुळे बधिर भागाची सीमा नीट आखली असता विकृतीचे स्थान बरेचसे कळते. चेहऱ्याच्या हालचाली सातव्या तंत्रिकेच्या अधीन असतात. तिच्या पक्षाघातात तोंड वाकडे होते व डोळा मिटत नाही. रुग्ण यालाही ‘बधिर झाले’ असेच म्हणतो. तपासणीत स्पर्श बहुधा शाबूत आढळतो.

अचानक आलेली बधिरता मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळ्यामुळे किंवा रक्तस्रावामुळे असू शकते. अशा वेळी बहुधा चेहऱ्याच्या त्याच बाजूचे हातपायही बधिर वा दुबळे होतात. लंबमज्जेच्या पार्श्वभागातील विकृतीत मात्र चेहरा एका बाजूचा व धड, हातपाय विरुद्ध बाजूचे बधिर होतात आणि भोवळ व गिळण्यास त्रास ही लक्षणे असतात. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते व त्यापूर्वी मेंदूचे क्ष-किरण संगणकीय चित्रण करून रक्तस्राव नसल्याची खात्री करावी लागते. तेल चोळत सकाळची वाट पाहण्यात हाच वेळ जातो. लक्षणे काही मिनिटांत आपोआप गेली, तरी तो पुढील झटक्याचा इशारा असू शकतो.

सावकाश वाढणाऱ्या बधिरतेची कारणे वेगळी असतात. ऐकू कमी येणे व तोल जाणे यांसह असल्यास आठव्या तंत्रिकेवरील अर्बुदाचा संशय येतो. तरुण व्यक्तीत बहुविध काठिण्य हे एक कारण असते. नागिणीत फोड येण्यापूर्वीच कपाळावर आग व मुंग्या जाणवतात. डोळ्याला धोका असल्याने त्वरित उपचार हवेत. दात काढताना तंत्रिकेस इजा झाल्यास ओठ बधिर राहतो. पण असे काही घडलेले नसताना केवळ हनुवटी बधिर झाल्यास कर्करोगाचा शोध घेणे अगत्याचे असते. २०२१ मध्ये कोविडनंतर, विशेषतः स्टेरॉइडे घेतलेल्या मधुमेही रुग्णांत, ‘काळी बुरशी’ या नावाने ओळखलेल्या कवक संसर्गात गाल बधिर होणे, तो सुजणे व दात हलणे ही आरंभीची लक्षणे होती.

महाराष्ट्रात कुष्ठरोगाचा विचार अवश्य करावा. चेहऱ्यावर तंत्रिकांचे जाळे दाट असल्याने तेथील चट्ट्यात संवेदना पुष्कळदा टिकून राहते; केवळ तेवढ्यावरून हा रोग नाही असे ठरवू नये. बहु-औषधी उपचार सरकारी दवाखान्यांत ६ ते १२ महिने मोफत मिळतात.

दंतवैद्याच्या इंजेक्शनाची बधिरता काही तासांत जाते. तोवर मूल ओठ चावणार नाही, याकडे लक्ष ठेवावे. घाबरून जलद श्वास घेतल्याने तोंडाभोवती व बोटांना मुंग्या येतात. अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर तशाच मुंग्या आल्यास रक्तातील कॅल्शियम तपासावे.

बधिरता एकाएकी येणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची दुर्बलता, दुहेरी दिसणे, तीव्र डोकेदुखी वा डोक्यास मार, यांपैकी काहीही असल्यास रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ ही रुग्णवाहिका सेवा आहे. चेहऱ्याबरोबर डोळ्याचे स्वच्छमंडल (बुबुळावरील पारदर्शक पटल) बधिर झाले असेल, तर त्यात गेलेला कण रुग्णास कळत नाही व न दुखता व्रण होऊन दृष्टी जाऊ शकते. म्हणून कारणाचा शोध चालू असतानाच डोळा झाकून व ओला ठेवणे आवश्यक असते.