आठ आठवडे आईपाशी

डिसेंबर २०२१मध्ये बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावाचं नाव जगभरच्या बातम्यांत गेलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत होती. काही पिल्लं वरून पडून मेली, काही उपासाने. शेवटी वन विभागाच्या पथकाने दोन वानरं पकडून नेली. कुत्र्यांनी वानराचं पोर मारलं, त्याचा हा सूड, अशी कथा तोवर देशोदेशी पोचली होती आणि मेलेल्या पिल्लांचे आकडे बातमीगणिक बदलत होते.

मला त्या सूडकथेपेक्षा पिल्लांचं शरीर महत्त्वाचं वाटतं. दुसरीचं पोर उचलून कवटाळणाऱ्या माद्या वानरांच्या कळपात नेहमी दिसतात. सारा हर्डी यांनी १९७०च्या दशकात माउंट अबूच्या वानरांचा अभ्यास केला, त्यात हे वर्तन तपशिलाने आलं आहे. वानराचं पोर जन्मापासून आईच्या पोटाचे केस मुठीत धरून लटकतं. कुत्र्याच्या पिल्लाला मूठच नाही. फांदीवर त्याला काही धरता येत नाही, आणि तिथे ना दूध, ना ऊब. उचलणाऱ्याच्या मनात काहीही असो, आईपासून तोडलेलं एवढंसं पिल्लू जगत नाही.

गाभण कुत्रीचे दिवस साधारण ६३ भरतात. पिल्लू जन्मतं तेव्हा आंधळं आणि बहिरं असतं. डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात, कान त्यानंतर. पहिल्या आठवड्यात त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही. अंगाचं तापमान ३५-३६ अंशांच्या आसपास असतं आणि तेही आईच्या पोटाला, भावंडांच्या अंगाला बिलगून राहिलं तरच टिकतं. आईने चाटल्याशिवाय शी-शू होत नाही. पहिल्या दिवसाचा चीक पोटात गेला नाही, तर रोगांशी लढण्याची आईकडून मिळणारी ताकद त्याला पुढे कधीच मिळत नाही. उघड्यावर सापडलेलं गार पिल्लू पाहून माणसं कळवळतात आणि लगेच बाटली तोंडाला लावतात. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, ते फुप्फुसात जाण्याची भीती मोठी असते. आधी फडक्यात गुंडाळून हळूहळू ऊब द्यायची, अंग कोमट झालं की मगच दूध. एवढं माहीत असलं तरी पुष्कळ जीव वाचतील.

आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांची पिल्लं बहुतेक पावसाळा सरल्यावर, थंडीच्या महिन्यांत जन्मतात. लऊळचा डिसेंबर त्याच हंगामातला. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अशा कुत्र्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेत आहेत. २०१६मध्ये त्यांनी ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांचा हिशेब मांडला. सात महिन्यांच्या वयापर्यंत पोचली ती फक्त १९ टक्के. मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे माणसाचा हात होता, कधी गाडीखाली, कधी विष किंवा मार, कधी पिल्लू उचलून नेण्यातून. लऊळच्या वानरांवर आपण एवढं बोललो, पण गल्लीतल्या पिल्लाला सगळ्यात मोठा धोका कुणाचा, हे या आकड्यात लिहिलेलं आहे.

तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्लाचा दुसरा जन्म होतो असं म्हटलं तरी चालेल. दात फुटू लागतात, पाय सावरतात, शेपटी हलू लागते आणि आईच्या पलीकडे जग आहे हे कळतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी या वयाचा सखोल अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९६५मध्ये निघालं. तिथेच फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी केलेला प्रयोग १९६१मध्ये प्रसिद्ध झाला. पिल्लं आयांसह कुंपण घातलेल्या शेतात वाढवली, माणसांपासून लांब. वेगवेगळ्या वयांत काहींना आठवडाभर माणसांत आणलं. दोन आठवड्यांचं पिल्लू माणसाला दाद द्यायला फार लहान होतं. पाच ते नऊ आठवड्यांची पिल्लं माणसाळली. १४ आठवड्यांपर्यंत माणूस न पाहिलेली मात्र रानटीच राहिली, पुढच्या लळ्यानेही फारशी निवळली नाहीत. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लाला जे भेटतं ते त्याच्या लेखी आपलं ठरतं. जे भेटत नाही ते पुढे परकं आणि भयाचं.

मेंढपाळाला हे प्रयोगाशिवायच उमगलेलं होतं. चार्ल्स डार्विन १८३३मध्ये आजच्या उरुग्वेत फिरत असताना त्याने मेंढ्यांसोबत एकटेच राखण करणारे कुत्रे पाहिले आणि ते कसे घडवतात याची चौकशी केली. पिल्लू अगदी लहानपणी आईपासून काढायचं, मेंढी धरून दिवसातून तीन-चार वेळा तिचं दूध पाजायचं, मेंढवाड्यातच लोकरीची गादी करून झोपवायचं, दुसऱ्या कुत्र्यांत किंवा मुलांत मिसळू द्यायचं नाही. असं पिल्लू मेंढ्यांनाच आपला कळप मानतं.

आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या माळरानावर धनगरांच्या वाड्यात इतकी कठोर पद्धत नसते. तिथली कुत्री वाड्यातच विते. मुक्काम हलला की कोंबड्या, कोकरं आणि पिल्लं घोड्यावरच्या ओझ्यात बसून पुढच्या शिवाराला जातात. रात्री मेंढरं जाळीच्या वाघरीत बसलेली असतात आणि पिल्लं त्यांच्या श्वासांच्या आवाजात झोपतात. मेंढरांचा वास, घंटा, धनगरणीची हाळी, घोड्याचे खूर, सगळं त्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात अंगवळणी पडतं. लांडग्यावर धावून जाणारा पण कोकराला नाक लावून बाजूला होणारा राखणीचा कुत्रा असा घडतो. यात आईपासून तोडणं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता बॉर्डर कॉली. मेंढ्यांचा कुत्रा म्हटलं की आजकाल मोबाईलवर त्याचेच व्हिडिओ दिसतात, आणि तो आपल्याकडे आणावा असं तरुण मेंढपाळांनाही वाटू लागलं आहे. पण त्याचं काम वेगळं. लांडग्याच्या शिकारीत पायऱ्या असतात: हेरणं, टक लावणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकड, शेवटचा चावा. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने दाखवलं की माणसाने निवड करत करत बॉर्डर कॉलीत टक, दबा आणि पाठलाग गडद केले आणि चावा दाबून टाकला. म्हणून त्याच्या नजरेने कळप वळतो. राखणीच्या कुत्र्यात हा सगळाच क्रम थंडावलेला असतो. मेंढरू त्याला शिकार वाटतच नाही. आजच्या बॉर्डर कॉलींची वंशावळ ज्या एका नरापाशी जाऊन पोचते तो ओल्ड हेम्प १८९३मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये, ॲडम टेलफर यांच्याकडे जन्मला. थंड, ओल्या डोंगरांचा हा दुहेरी केसांचा कुत्रा. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो. बीडच्या मे महिन्यात चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात, दबा धरायचा आणि धावायचं एवढंच ठाऊक असलेल्या या जनावराचे हाल होतील. त्याला इथे आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिकायचं ते त्याची पिल्लं वाढवणाऱ्या जाणत्या माणसांकडून.

ती माणसं पिल्लू आठव्या आठवड्याआधी हातातून सोडत नाहीत. अमेरिकेतली चेसर ही बॉर्डर कॉली जॉन पिली यांच्या घरी आठ आठवड्यांची असताना आली. पुढे तिने १,०२२ वस्तूंची नावं शिकली. त्यावरचा शोधनिबंध २०११चा. एवढी बुद्धी आईपाशी राहिल्याने येते असं कुणी म्हणणार नाही, पण शिकण्याची तयारी आणि धीर तिथे बांधला जातो. भावंडांशी कुस्ती खेळताना चावा जोरात बसला की समोरचं पिल्लू कळवळून खेळ थांबवतं, आणि जबड्याला आवर घालायला चावणारं शिकतं. हा धडा माणसाला नीट देता येत नाही. इटलीतल्या एका अभ्यासात, तोही २०११चा, १४० कुत्र्यांची तुलना झाली: निम्मे ३० ते ४० दिवसांचे असताना आईपासून वेगळे झालेले, निम्मे दोन महिन्यांनी. लवकर तुटलेल्यांत भित्रेपणा, अतिभुंकणं, आवाजाला दचकणं, वस्तू फाडणं जास्त आढळलं. भारतात २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनीही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी घातली आहे.

आपल्या गावांत मात्र डोळे उघडले की पिल्लू मागायला लोक येतात. नर आधी उचलले जातात. मादी पिल्लं मागे उरतात आणि मग एखाद्या पहाटे पोत्यातून शिवाराच्या टोकाला सोडली जातात. महिनाभराच्या पिल्लासाठी तो निकालच असतो.

ते आठ आठवडे नुसते थांबायचे नसतात. जंत आईच्या पोटातून आणि दुधातून पिल्लात येतात, म्हणून दोन आठवड्यांपासूनच जंताचं औषध सुरू करावं लागतं. त्याच जंतांची अंडी अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांनाही बाधतात. मेंढपाळाने आणखी एक पथ्य पाळायचं. कापलेल्या मेंढीची कच्ची आतडी, काळीज, फुप्फुस कुत्र्याला घालायचं नाही. त्यातल्या गाठींमधून कुत्र्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांनी आणि मग सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत लस नीट लागत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांनी. आईपाशी असतानाच रोज थोडा वेळ वेगवेगळ्या माणसांनी पिल्लाला हातात घ्यावं, लहान मुलांनीही, मोठ्यांच्या नजरेखाली. वाड्यावर जाणाऱ्या पिल्लाला कोकरांचा शेजार हवा. घरी जाणाऱ्याला मिक्सरचा, मोटारसायकलचा आवाज.

देताना घर पाहून द्यावं. दिवसभर साखळीला बांधणाऱ्याला देऊ नये, मग तो जवळचा पाहुणा असला तरी. आईच्या अंगाखालचं फडकं, खाण्याची सवय असलेलं अन्न आणि जंताच्या औषधाची, लशीची तारीख लिहिलेला कागद पिल्लासोबत गेला पाहिजे. मादी पिल्लू घेणाऱ्याला नसबंदीचं वय आणि ठिकाण सांगून ठेवावं. वेत संपून दूध आटलं की आईचीही नसबंदी करून घ्यावी, म्हणजे पुढच्या थंडीत पुन्हा पाच-सहा घरं शोधायची वेळ येत नाही.