शेतकऱ्याच्या नावाने वाढले जाणारे फळ

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कले या शहरी अ‍ॅलिस वॉटर्स यांनी १९७१ साली ‘शे पॅनीस’ नावाचे उपाहारगृह काढले. दूरदूरचे प्रवासी तेथे मुद्दाम जेवावयास येतात. आसपासच्या मळ्यांत कोणता माल उत्तम उतरला आहे, हे पाहून तेथील जेवण ठरते. अखेरीस कित्येकदा नुसते पिकलेले फळच ताटलीत येते, आणि पदार्थांच्या यादीत बागाईतदाराचे नाव असते.

या पद्धतीचे महत्त्व पीच फळाच्या ‘सन क्रेस्ट’ या वाणावरून कळून येईल. हे फळ रसाळ व गोड. परंतु त्यास भडक लाल रंग चढत नाही व तोडल्यावर ते फार दिवस टिकत नाही. म्हणून घाऊक बाजाराने ते नाकारले. डेल रे येथील बागाईतदार डेव्हिड मास मासुमोटो यांच्यावर झाडे उपटून टाकण्याची पाळी आली. १९८७ साली त्यांनी ही व्यथा वृत्तपत्रात मांडली. वाचकांची पत्रे आली व बाग राहिली. पुढे त्यांचे पीच ‘शे पॅनीस’मध्ये त्यांच्याच नावाने वाढले जाऊ लागले.

लांबच्या बाजारास रंग व टिकाऊपणा हवा असतो; जवळच्या गिऱ्हाइकास चव हवी असते. यास्तव चवदार परंतु नाजूक वाण काढून टाकण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी जवळच्या खाणावळी व उपाहारगृहे यांच्याशी बोलणी करावीत. फळ पुरते तयार झाल्यावरच तोडावे, विनाविलंब पोचवावे आणि करंडीवर आपले नाव घालावे.