जीवनाचा अर्थ : नाना मते आणि तथागतांचा मार्ग

माणूस जन्माला येतो, कष्ट करतो, संसार करतो आणि एक दिवस निघून जातो. या सगळ्या धडपडीचा अर्थ काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. घरात मयत झाले म्हणजे तो पडतो, उभे पीक जळाले म्हणजे पडतो, आणि परीक्षेत नापास झालेल्या पोराला तर फार तीव्रतेने पडतो. त्या वेळी त्याला कोणते उत्तर मिळते, यावर तो सावरणार की खचणार हे ठरते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाविषयीची काही प्रमुख मते आम्ही समाजबांधवांपुढे मांडत आहोत.

भक्तीचे उत्तर

आपले वेळापूर पालखीमार्गावरचे गाव. आषाढीच्या आधी माळशिरसहून श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे मुक्कामाला येते आणि पुढे भंडीशेगावकडे निघते. वारकऱ्याला विचारले तर तो सांगेल की, नरदेह मिळाला तो विठ्ठलाचे नाम घेण्यासाठी. या उत्तराने असंख्य कष्टकऱ्यांना आधार दिला आहे. आपण ते स्वीकारले नसले तरी शेजाऱ्याच्या श्रद्धेची टवाळी करणे आपल्याला शोभत नाही.

पण याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या संत चोखामेळ्यांचे आयुष्य पाहिले की दुसरी बाजू दिसते. १३३८ साली मंगळवेढ्यास कुसाचे काम चालू असता भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. ज्या देवाला जन्मभर आळवले त्याच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. समाधीही महाद्वारासमोर, बाहेरच झाली. ते दार अस्पृश्यांना उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मधे सहाशेहून अधिक वर्षे गेली!

चोखोबांच्या काही अभंगांत सोवळ्या-ओवळ्याला रोखठोक प्रश्न आहेत, तर काहींत आपला हीन जन्म म्हणजे पूर्वकर्माचे फळ अशी भावना आहे. एवढ्या थोर माणसालाही आपल्यावरचा अन्याय हे आपलेच जुने देणे वाटावे, इतका त्या कल्पनेचा पगडा होता. आम्ही बँकेत खातेवह्या सांभाळतो. व्हाउचर नसलेली नोंद तेथे कोणी मान्य करीत नाही. पूर्वजन्मीच्या थकबाकीचे व्हाउचर मात्र कोणी पाहिले नाही, आणि वसुली पिढ्यान्‌पिढ्या चालली.

कर्माचे व भोगाचे उत्तर

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. संसार सोडून पळू नका, फळाची आसक्ती न धरता लोकसंग्रहासाठी कर्म करा, असा त्याचा सारांश. विचार तेजस्वी खरा. परंतु कोणते कर्म कोणी करायचे हे जन्माने ठरणार असेल, तर झाडूवाल्याच्या मुलाने फळाची आशा न धरता झाडूच मारायचा, असाच त्याचा अर्थ होतो. याच्या उलट चार्वाकांनी परलोक, आत्मा व यज्ञ हे सारे नाकारले आणि हे जगणेच खरे मानले. त्यांचे धाडस मोठे. मात्र ‘खा, प्या, मजा करा’ एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर दुसऱ्याच्या दुःखाशी आपले नाते काय, हा प्रश्न तसाच राहतो.

तथागतांचे मौन

तथागतांकडे मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू गेला. जग शाश्वत आहे की अशाश्वत, मृत्यूनंतर काय होते, याची उत्तरे द्या, नाहीतर मी चाललो, असे तो म्हणाला. तथागतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण मारणारा कोण, कोणत्या जातीचा, धनुष्य कशाचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, असे तो म्हणत बसला तर उत्तर मिळण्याआधीच मरेल. तात्पर्य, आपण का जन्मलो याचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. दुःख आहे हे दिसते, ते दूर करण्याचा मार्ग आहे, त्या मार्गाने चला.

आपल्यातील दोन मते

येथवर बहुतेक बौद्ध बांधवांचे एकमत असते. मतभेद पुढे सुरू होतो. दुःखाचे मूळ कोठे आहे? मनात की समाजात?

एक मत असे की तृष्णा हेच मूळ, म्हणून मन शुद्ध करावे. दिवंगत सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ पासून भारतात विपश्यनेची शिबिरे घेतली, १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झाले आणि आपले अनेक लोक दहा दिवसांची शिबिरे करून आले. दुसरे मत असे की डोळे मिटून बसल्याने अन्याय हटत नाही, म्हणून संघटना, शिक्षण व संघर्ष हाच धम्म. या दोन मतांवरून कित्येक ठिकाणी वाद होतात, एकमेकांच्या कार्यक्रमांना जाणे बंद होते. हे दुर्दैवाचे आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काय लिहिले ते मुळातून पाहावे. म्हातारा, रोगी व प्रेत प्रथमच पाहून सिद्धार्थाने एकोणतिसाव्या वर्षी घर सोडले, ही कथा त्यांना पटली नाही. तोवर त्याने हे पाहिलेच नसेल काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. धर्मानंद कोसंबींनीही या कथेवर शंका घेतली होती. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला तंटा हे गृहत्यागाचे कारण सांगितले. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्या आपल्या तालुक्याला पाण्याचा तंटा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. राज्याराज्यांतील लढाया अधूनमधून होतात, पण वर्गावर्गांतील कलह नित्य चालू असतो आणि तेच दुःखाचे मूळ आहे, या विचारापर्यंत सिद्धार्थ पोहोचतो.

म्हणजे दुसरे मत जिंकले काय? नाही. त्याच ग्रंथात तथागतांच्या पहिल्या प्रवचनात पंचशील, अष्टांगिक मार्ग व दहा पारमिता सविस्तर आल्या आहेत आणि त्या साऱ्या स्वतःला घडविण्याच्या गोष्टी आहेत. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध व मार्क्स यांची तुलना केली. शोषण नाहीसे व्हावे हे दोघांचेही ध्येय, परंतु मार्क्सचा मार्ग बळाचा आणि बुद्धाचा मार्ग मन बदलण्याचा. बळ ओसरले की माणसे पुन्हा पूर्वपदावर येतात, मन बदलले तर ती आपण होऊन न्यायाने वागतात. त्यानंतर सोळाच दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. म्हणून हे विचार त्यांचा अखेरचा ठेवा मानले पाहिजेत.

मग अर्थ कोणता?

बाबासाहेबांच्या मते एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की धम्म हवाच. आमच्या समजुतीप्रमाणे जीवनाचा अर्थही तसाच आहे. तो कोणी वरून देत नाही आणि गुहेतही सापडत नाही. माणसामाणसांतील वागणुकीतून तो तयार होतो.

दारूच्या आहारी गेलेल्या बापाचे उदाहरण घ्या. पाचवे शील पाळण्याचा निग्रह त्यालाच करावा लागेल, तेथे मोर्चा उपयोगी नाही. पण त्याच्या मुलीची फी भरणे आणि तिला अभ्यासाला जागा देणे हे समाजाचे काम आहे, तेथे त्याचे ध्यान पुरे पडत नाही. दोन्ही झाले तरच ते घर उभे राहते. म्हणून शिबिराहून आलेल्या बांधवाने संध्याकाळच्या अभ्यासिकेत मुलांना शिकवावे, आणि कार्यकर्त्याने रोज थोडा वेळ आपला राग व अहंकार तपासावा.

नापास झालेल्या त्या मुलाला आपण एवढेच सांगावे : तुझ्या नशिबात काही लिहिलेले नाही, तू कोणाचे जुने देणे लागत नाहीस, आणि तू एकटाही नाहीस. ये, पुन्हा अभ्यासाला बसू.

भवतु सब्ब मंगलम्!