कार्यरत प्रकाश-उत्प्रेरकांचा वर्णपटीय अभ्यास

प्रकाशाच्या साहाय्याने हायड्रोजन निर्माण करणाऱ्या उत्प्रेरकाची, अभिक्रिया चालू असतानाच, वर्णपटविज्ञानाद्वारे केलेली तपासणी म्हणजे कार्यरत प्रकाश-उत्प्रेरकाचा वर्णपटीय अभ्यास होय. अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युत-अग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करता येते, हे दाखवले.

प्रकाश शोषल्यावर उत्प्रेरकात इलेक्ट्रॉन मुक्त होतो व त्याच्या जागी धनभारित पोकळी उरते. इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर पोहोचल्यास हायड्रोजन तयार होतो. मात्र अनेक इलेक्ट्रॉन त्यापूर्वीच पोकळीशी पुन्हा संयोग पावतात. वायू किती मिळाला हे मोजता येते. तो कमी का मिळाला, हे त्या मोजमापावरून कळत नाही.

हे कारण शोधण्यासाठी पुढील पद्धती वापरतात:

* क्षणिक शोषण : लेसरच्या एका स्पंदाने उत्प्रेरक उद्दीपित करून दुसऱ्या स्पंदाने इलेक्ट्रॉन किती काळ टिकतात हे पाहतात.
* अवरक्त वर्णपट : पृष्ठभागाला चिकटलेले रेणू ओळखतात. पाणी स्वतःच अवरक्त किरण शोषत असल्याने पाण्याचा थर अतिशय पातळ ठेवावा लागतो.
* क्ष-किरण शोषण : प्लॅटिनमसारख्या सह-उत्प्रेरकाची ऑक्सिडीकरण अवस्था कळते. नमुना हवेत बाहेर काढल्यास ती बदलू शकते.

पुण्यातील सी-मेट या संस्थेत हायड्रोजन सल्फाइडपासून हायड्रोजन मिळवण्यासाठी प्रकाश-उत्प्रेरकांवर संशोधन झाले आहे. या क्षेत्रात वापरले जाणारे कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश शोषते, परंतु त्यातील पोकळ्या त्याच पदार्थाचे ऑक्सिडीकरण करून त्याची झीज घडवू शकतात. अशी झीज केव्हा सुरू होते, हे कार्यरत अवस्थेतील निरीक्षणातूनच समजते.