एक ओढा, दोन देश

जर्मनीत एक छोटं खेडं आहे. त्याचं नाव म्योडलारॉइट. वस्ती जेमतेम पन्नास माणसांची, म्हणजे एखाद्या वाडीएवढी. भोवती शेतं आणि जंगल.

गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. तो इतका अरुंद, की उडी मारून पार करावा. १८१० साली दोन राज्यांची हद्द याच ओढ्यावरून ठरली. तरी गाव एकच राहिलं. मुलांची शाळासुद्धा एकच होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची वाटणी झाली. १९४९ साली ओढ्याच्या एका काठाला पूर्व जर्मनी आणि दुसऱ्या काठाला पश्चिम जर्मनी असे दोन देश झाले! १९५२ साली पूर्वेच्या सरकारने कुंपण घातलं. १९६६ साली तर ७०० मीटर लांब आणि ३ मीटरहून उंच भिंतच बांधली. नातेवाईक समोरासमोर राहत, पण भेटता येईना. पूर्वेकडच्यांना पलीकडे बघून नुसता हात हलवायचीही बंदी होती.

९ डिसेंबर १९८९ रोजी भिंतीतून वाट खुली झाली. १९९० साली भिंत पाडली. थोडा भाग मात्र मुद्दाम ठेवला आहे. तिथे संग्रहालय आहे.

आजही अलीकडे बव्हेरिया आणि पलीकडे थुरिंगिया अशी दोन राज्यं आहेत. पिनकोडही वेगळे. पण ओढा ओलांडायला कुणाला विचारावं लागत नाही. मला वाटतं, हद्द नकाशात असू दे, माणसांत नको.