सुडोकूचे अकरा तपासनीस
संगमनेर, लोणी, कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकाची मुलं ऑपरेटिंग सिस्टिम शिकतात. त्या विषयाच्या सिल्बरशाट्झ यांच्या नावाजलेल्या पाठ्यपुस्तकात एक प्रकल्प आहे: सोडवलेला सुडोकू 11 थ्रेडनी, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या 11 कामांनी, तपासायचा. एक थ्रेड सगळ्या ओळी पाहतो, एक स्तंभ, उरलेले नऊ एकेक चौकट. 81 घरांसाठी एवढी फौज कशाला, हा आक्षेप रास्तच. थ्रेड उभे करण्यातच तपासणीपेक्षा जास्त वेळ जातो. पण इथे मुद्दा वेगाचा नाहीच, कामं एकमेकांवर न अडता वाटता येतात का, हा आहे. कोडं सोडवताना एक अंक दुसऱ्यावर अडतो. तपासताना ओळीला स्तंभाची वाट पाहावी लागत नाही. सगळे नुसतं वाचतात, म्हणून एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूपही नको. निकाल लिहायला मात्र प्रत्येकाला स्वतःचा रकाना हवा. होकारांची एकच सामाईक मोजणी ठेवली, तर दोघे एकदम 4 वाचतात, दोघेही 5 लिहितात, एक होकार गहाळ होतो आणि बरोबर सुटलेला सुडोकू चूक ठरतो.