प्रायमरी की: 'तोच' म्हणजे कोण?

मंडळी, एखादी वस्तू 'तीच' आहे हे आपण कशावरून म्हणतो? वैशेषिकांपुढे हा प्रश्न होता. दोन परमाणू सर्व गुणांनी सारखे असतील तर वेगळे कसे ओळखायचे? त्यांनी 'विशेष' नावाचा पदार्थ मानला. वेगळेपण राखणं एवढंच त्याचं काम. १९७० साली एडगर कॉड यांनी डेटाबेसचं रिलेशनल प्रतिमान मांडलं. त्यातली प्रायमरी की जवळपास हेच करते. ती प्रत्येक ओळीला हवीच, आणि दोन ओळींची सारखी असता कामा नये.

प्रोग्राम लिहिणारा मात्र ओळींशी नाही, ऑब्जेक्टशी बोलतो. मधला दुभाषी म्हणजे ओआरएम. जावात हायबरनेट, पायथनमध्ये जँगो. एका सेशनमध्ये तीच की दोनदा मागितली, तर हायबरनेट दुसरी प्रत काढत नाही, पहिलाच ऑब्जेक्ट हाती देतो. आपोआप मिळणारी की अजून रिकामी असेल, तर दुभाषी समजतो की हा नवा आहे, ओळ घाला.

मग की कशाची करावी? आपल्या जवाहरनगरातच बघा ना. आयुध निर्माणीच्या वसाहतीतल्या कुटुंबांची यादी करायची आहे आणि आपण क्वार्टर नंबरच की केला, असं समजू. कुटुंबानं क्वार्टर बदललं, आपण नंबर बदलून सेव्ह केलं. जँगो त्या नव्या कीची ओळ शोधतो. नसली तर नवी घालतो आणि जुनीही तशीच राहते. एका कुटुंबाची दोन झाली! तिथे आधीच्या कुटुंबाची ओळ असली तर तिच्यावरच ही माहिती लिहितो. म्हणजे एक कुटुंब यादीतून गेलं, आणि कुणाला पत्ताही नाही. हायबरनेट निदान असा बदल नाकारून थांबतो.

जिल्ह्याचं नाव कीमध्ये गुंफलं तरी तीच गत. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. गावं जागच्या जागी राहिली, जिल्हा बदलला.

म्हणून ज्याला स्वतःचा काही अर्थ नाही असा आकडा की म्हणून बरा. अर्थच नाही, तर बदलायचं कारण काय? पण एवढ्यानं भागत नाही. एकच माणूस दोनदा नोंदवला तर त्याला निमूटपणे दोन आकडे मिळतील. त्यासाठी कर्मचारी क्रमांकासारख्या रकान्यावर 'पुन्हा नको' असा वेगळा नियम घालावा लागतो. की ओळ ओळखते. माणूस ओळखायची जबाबदारी आपलीच राहते.